सोलापूर : दोन सिगार, एक गाठ

शुक्रवार

मेहुण्यानं दुबईहून येताना दोन सिगार आणल्या होत्या. क्युबाच्या, पार्तागास सेरी डी नंबर 4. सिगारवाल्यांच्या जगात या नावाचा दरारा आहे. नवशिक्याला आडवं पाडणारी म्हणून ती ओळखली जाते. मी अगदीच नवशिका नाही. वर्षाकाठी पाच-सहा ओढतो, वहीत चार ओळी लिहितो आणि बायकोची बोलणी खातो. या दोन मात्र चार महिने डब्यात जपून ठेवल्या होत्या, कारण असली चीज एकट्यानं ओढण्यात मजा नाही. सोलापूरचा मित्र दोन वर्षं ‘हुरड्याला ये की बे’ म्हणून मागं लागला होता. जानेवारीचा शेवटचा आठवडा जमला आणि दोन्ही कामं एकदम करायची ठरली.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. रात्री सोलापूर. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कुर्डुवाडीला चहा घेतला इतकंच.

मित्राचं घर पूर्व भागात आहे. सोलापूर नवीन असणाऱ्यांसाठी सांगतो, हा तेलुगू विणकरांचा भाग. गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खडखड ऐकू येते, दारावरच्या पाट्या तीन भाषांत असतात, आणि माणसं एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि हिंदी अशी वळणं घेतात की नवखा माणूस दुसऱ्या शब्दाला उतरून जातो. मित्र मराठी घरातला, पण याच गल्लीत वाढलेला. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, “काय बे, चुट्टा आणलास का?”

चुट्टा! हा शब्द मी आजोबांनंतर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. जुन्या मराठीत सिगारला चुट्टा किंवा चिरूटच म्हणत. चिरूट आला तमिळमधून, ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळलेलं. चुट्टा तर तेलुगूत आजही रोजच्या वापरात आहे.

वहिनींनी जेवायला कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि मुगाची आमटी वाढली. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी वाळवलेली ज्वारीची भाकरी, महिनाभर टिकते. ती आमटीत मोडून टाकायची आणि मऊ पडायच्या आत खायची. शेंगा चटणीवर मी पहिल्या घासापासून तुटून पडलो. खरी सोलापुरी चटणी मिक्सरमधली नसते. ती कुटतात, त्यामुळं शेंगदाण्याला तेल सुटतं आणि चटणी बोटाला चिकटते.

मित्रानं विचारलं, “ही फुल बॉडी फुल बॉडी म्हणतात ते नक्की काय असतंय?”

मी चटणीकडं बोट दाखवलं. दाण्याचा दाटपणा, तेल, जिभेवर बसणारं वजन, ही झाली बॉडी. मिरचीचा ठसका वेगळा. सिगारमध्ये तो ठसका निकोटीनचा, त्याला स्ट्रेंथ म्हणतात. दोन्ही बहुतेकदा जोडीनं येतात म्हणून लोक एकच समजतात. पण दाट आणि तरी सौम्य अशी सिगार असते, तशीच पातळ धुराची आणि डोकं फिरवणारीही असते. आपल्या डब्यातली दोन्हीकडून भारी.

झोपण्याआधी पिशवी उघडली आणि कपाळावर हात मारला. लायटर होता, डबा होता, कटर पुण्यात टेबलावर राहिला होता.

शनिवार

सकाळी सातला सिद्धेश्वर. तलावाच्या मधोमध देऊळ, पाण्यावर धुकं, कट्ट्यावर फिरायला आलेले पेन्शनर. गड्ड्याची यात्रा दोन आठवड्यांपूर्वी होऊन गेली होती, होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उतरवणं चालू होतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी शहराच्या पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापन केली, आणि यात्रेत नंदीध्वज त्यांना प्रदक्षिणा घालतात. ते उंच ध्वज पेलणाऱ्यांचे दंड बघायचे तर संक्रांतीलाच यायला हवं. शेजारचा भुईकोट किल्ला उन्हं चढायच्या आत उरकून घ्यावा. सोलापूरच्या जानेवारीत पहाटे शाल लागते आणि दुपारी बारानंतर टोपी.

परतताना चार हुतात्मा चौकात रिक्षा थांबवली. आपण ज्या गाडीनं आलो तिचं नाव या चौघांवरून. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. पुतळ्यांना बारा तारखेचे हार अजून होते, वाळलेले.

आणि मग अक्का.

मित्राच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या या बाईंना सगळी गल्ली अक्काच म्हणते. वय साठीच्या पुढं. चाळीसेक वर्षं विड्या वळतात. सोलापुरात हजारो बायका हेच काम करतात. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणायची, वळायचं, आणि मोजून परत द्यायचं. मजुरी हजारावर. वाईट निघतील त्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात, त्यांचे पैसे नाहीत.

मी उंबऱ्यापाशी बसलो. अक्कांच्या मांडीवर सूप. बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, म्हणजे आपली टेंभुर्णी. उन्हाळ्यात विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या रानांतून ती तोडली जातात. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवला, कात्री चार बाजूंनी फिरली, पान तयार. तंबाखूची एक चिमूट, तीही मोजल्यासारखी. दोन्ही अंगठे पुढं गेले, विडी झाली. तोंड नखानं दुमडलं, दोऱ्याचे दोन वेढे, टाकली. हे सगळं माझ्याशी बोलत, टीव्हीवरची तेलुगू मालिका बघत. हाताकडं एकदाही नजर नाही.

मी सांगितलं की क्युबात सिगार वळणाऱ्यांना कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवतं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. हवानात 1865 पासूनची रीत आहे, आणि सुरुवातीला वाचणाऱ्याचा पगार कामगारच आपल्या खिशातून द्यायचे. अक्का म्हणाल्या, “आमच्यात टीव्ही वाचतो. पैसे आम्हीच देतो, डिशचे.”

डबा उघडून सिगार त्यांच्या हातात दिली. आधी त्या नुसत्या हसल्या. “इदि चुट्ट गदा!” हा तर चुट्टा की. त्यांची तेलंगणातली आजी ओढायची म्हणे, संध्याकाळी पायरीवर बसून. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

यानंतर जे झालं ते मी जरा सावकाश सांगणार आहे.

सिगार कशी पारखावी यावर मी बरंच वाचलंय. पेटवायच्या आधी वरचं पान बघा, तेलकट तकाकी हवी, जाड शिरा नकोत. हलकेच दाबून बघा, सगळीकडं सारखी भरलेली हवी. उघड्या टोकाचा वास घ्या. मी हे सगळं पुण्यात केलं होतं आणि वहीत ‘उत्तम’ असं लिहिलं होतं.

अक्कांनी सिगार डोळ्यांनी फारशी पाहिलीच नाही. तळहातावर घेऊन तोलली. कानाशी धरून चिमटीत फिरवली. वाळकी असती तर करकरली असती, ती गप्प होती. मग डाव्या हाताचा अंगठा तोंडाकडून बुडाकडं नेला, सावकाश, सापावरून हात फिरवावा तसा. उलटा आणला. दुसरी सिगार घेतली, तेच. पुन्हा पहिली.

“ही बरी हाय,” दुसरी माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. मग पहिली पुढं केली. “हिच्या पोटात गाठ हाय. ओढायला जड जाईल.”

मी दाबून पाहिलं. मला काहीच लागलं नाही. दोन्ही एकाच पेटीतल्या, दोन्ही 124 मिलिमीटर लांब, जाडी 50 रिंग, म्हणजे इंचाचे 64 भाग केले तर त्यातले 50, जवळपास वीस मिलिमीटर. दिसायला जुळ्या. म्हटलं, अक्का, हे हवानातल्या कारागिरांचं काम आहे, तिथं हल्ली ओढ तपासायला यंत्रही असतं.

“असंल की,” म्हणाल्या, आणि सूप परत मांडीवर घेतलं.

त्यांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. विडीचं पान तेंदूचं, आत तंबाखू. सिगारमध्ये पोटात तंबाखू, त्याला बांधून ठेवणारं पान तंबाखूचं आणि वरचं पातळ पानही तंबाखूचंच. “एवढं तलम? शीर दिसंना!” मी सांगितलं, ते पान वेगळं वाढवतात, शेतावर पातळ कापड ताणून, म्हणजे ऊन थेट लागत नाही. शेजारच्या खोलीतून त्यांचा मुलगा, जो टॉवेलच्या कारखान्यात आहे, ओरडला, “म्हंजे तंबाखूला पण चादर!” सोलापूरकरांपुढं कापडाचं नाव काढलं की असं होतं.

पोटातल्या तंबाखूचाही त्यांनी बारीक तपास केला. झाडाच्या शेंड्याकडची पानं सगळ्यात जास्त ऊन खातात, ती जाड, तेलकट, जहाल. त्यांना लिहेरो म्हणतात, ती हळू जळतात म्हणून बरोबर मधोमध ठेवतात. मधली पानं सेको, वासाची. खालची वोलादो, ती जळायला मदत करतात. भारी सिगारमध्ये लिहेरोचा वाटा मोठा. आणि ही अख्खी पानं लांबीनं घड्या घालून भरतात, विडीसारखा चुरा नाही. क्युबातल्या बाया मांडीवर सिगार वळतात ही निव्वळ थाप आहे. तिथं लाकडी पाटावर, बिनमुठीच्या वाकड्या पात्यानं काम चालतं. मांडीवरचं वळणं बघायचं तर सोलापूरला यावं.

किंमत विचारली त्यांनी. मेहुण्यानं भेट दिली असं म्हणून मी टाळत होतो, मित्रानं दुकानातला भाव सांगून टाकला. अक्कांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला, किती हजार विड्या होतात त्याचा. आकडा सांगितला नाही. चहा आणि संक्रांतीचे उरलेले सकिनालू आणायला आत गेल्या. तांदळाच्या पिठाचे, तीळ घातलेले, हातानं वेटोळी केलेले ते तळलेले कडे मी सहा खाल्ले. भूक त्यानंच मेली, आणि हे पुढं अंगाशी आलं.

(अशा गल्लीत जायचं असेल तर दुपारचं जा, आणि बसलात तर काम थांबवायला लावू नका, त्यांची मजुरी नगावर आहे. फोटो विचारूनच. मी एकही काढला नाही, हातांचासुद्धा.)

संध्याकाळी गच्चीवर चटई टाकली. सूर्य गिरण्यांच्या दिशेला उतरलेला, मागांचा आवाज खालून येत होता. कटर नाही. मित्रानं अडकित्ता आणला, त्याच्या आजीचा, पितळी, मोराच्या आकाराचा. मला तेव्हाच उठून जायला हवं होतं.

सिगारच्या बंद टोकावर पानाचीच छोटी टोपी असते. तिचा वरचा जेमतेम दोन मिलिमीटरचा थर उडवायचा. खांद्याच्या, म्हणजे टोपीची गोलाई संपते तिथल्या, खाली गेलात तर वरचं पान सुटतं. शिवाय पातं धारदार हवं, एका झटक्यात आरपार. अडकित्ता कातरत नाही, चेपतो. सुपारीसाठी ते बरोबर आहे. ‘कच्’ असा आवाज झाला, टोपीबरोबर बोटभर पान फाटलं आणि केळीच्या सालीसारखं उलगडायला लागलं.

मित्र खाली धावला, अक्कांना घेऊन आला. त्यांनी अडकित्त्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पदराच्या गाठीतून विडीचा दोरा काढला. सुटलेलं पान जिभेनं ओलं करून मी बसवलं, त्यांनी तीन वेढे दिले आणि दातानं दोरा तोडला. लाल-सोनेरी पट्टीच्या हवानाला तोंडाशी गुलाबी दोरा. “आता सोलापुरी झाली,” मित्र म्हणाला.

न पेटवता ओढून बघायची असते, वाट मोकळी आहे का ते कळतं आणि पानाची कोरडी चवही. ओढली. घट्ट. गोठलेल्या लस्सीत स्ट्रॉ घातल्यासारखी. अक्का जिन्याच्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, खाली गेल्या.

पेटवली तरी. धूर कमी येतो म्हणून जोरात ओढायचं, जोरात ओढलं की टोक तापतं, तापलं की कडू होतं. एका मिनिटाला एक झुरका हा साधा नियम, मी तीन-तीन घेत होतो. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, पण निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात जातं. पोटात चहा आणि सहा सकिनालू. अर्धी जळायच्या आत कानशिलं गार झाली, तळहात घामेजले, आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी हळूहळू डावीकडं सरकायला लागली. मी चटईवर आडवा झालो. वहिनी गुळाचा खडा आणि पाणी घेऊन आल्या. “भावजी, हे पैसे देऊन करतात का?”

गूळ लागू पडला. साखरेनं ही झिंग उतरते हे सिगारवाले सांगतात आणि माझ्यापुरतं ते खरं ठरलं. पण आधीच सांगून ठेवतो, भारी सिगार भरल्या पोटीच, तुपातेलाचं जेवण झाल्यावर. आणि कधीतरीच. एकीत डझनभराहून जास्त सिगारेटींचा तंबाखू असतो. तोंडाचा कॅन्सर ‘प्रीमियम’ वगैरे बघत नाही.

अर्धी राहिलेली सिगार गच्चीच्या कठड्यावर तशीच विझली. सिगार कधी चिरडू नये, ठेवून दिली की आपोआप विझते आणि घाण वासही येत नाही. वहीत त्या रात्री काही लिहिलं नाही.

रविवार

हुरडा अक्कलकोट रस्त्यावर, कुंभारीच्या पुढं मित्राच्या मामांच्या शेतात. अक्काही गाडीत आल्या, त्यांची धाकटी बहीण कुंभारीला राहते, गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार बायकांनी लढून उभी केलेली ही दहा हजार घरांची वसाहत, 2006 मध्ये तिचं हस्तांतर झालं. जवळच रे नगर, तिथला आराखडा तीस हजार घरांचा, पैकी पंधरा हजारांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या. आकडे वाचून डोळ्यांपुढं काही येत नाही. तिथून गाडीनं जाताना मात्र गल्ल्या संपता संपत नाहीत, तेव्हा कळतं.

बहिणीच्या दारात चौघी सुपं घेऊन बसल्या होत्या. आदल्या दिवसाची हकीकत आमच्याआधीच फोननं पोचली होती. मी डबा उघडला तशी दुसरी सिगार हातोहात फिरली. चौघींनी तीच ती अंगठ्याची तपासणी केली, चौघींनी मान डोलावली. एकीनं बुडाचा वास घेऊन ‘निपाणीपेक्षा गोड हाय’ असा शेरा दिला. बरोबर होतं ते. विडीची तंबाखू उन्हात वाळवतात, सिगारची पानं सावलीत, हवेशीर कोठारात टांगून, आणि मग ढीग रचून आंबवतात. ढिगाच्या पोटात उष्णता वाढते, अमोनिया उडून जातो, जहालपणा बसतो. गुरांच्या गोठ्याचा हलका वास कच्च्या सिगारला येतो तो याचाच, आणि तो यायलाच हवा.

अक्कांनी बहिणीची कात्री घेतली. विडीची कात्री लहान, दोन्ही पाती दगडावर लावून पाजळलेली. टोपीच्या कडेनं गोल फिरवत त्यांनी वरचा थर असा काढला की तो टिकलीसारखा बोटावर आला. वरच्या पानाला धक्का नाही. मी आजवर जे कटर विकत घेतले त्यांच्या किमतीची बेरीज करावी म्हटलं, मग नको म्हटलं.

शेतात अकरापर्यंत आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळायची. मामांचे तळहात म्हणजे चामड्याचे. गुळभेंडीचा हुरडा, कोवळा, दुधाळ, चोळताना हिरवा वास सुटतो. बरोबर शेंगा चटणी, लसणाची चटणी, घट्ट दही, गूळ, बोरं. बाकीच्या शेतात मालदांडी उभी, ती भाकरीसाठी. हुरडा सोसवेल तितकाच खावा आणि वर ताक प्यावं असं मामी सांगत होत्या, मी ऐकलं नाही. दुपारी पुन्हा भाकरी, वांग्याचं भरीत, वर तूप. यावेळी पोट बांधून घेतलं होतं.

साडेचारला बांधावर लिंबाच्या सावलीत बसलो. मित्र म्हणाला, आगटीतल्या निखाऱ्यावर पेटवू. हात धरून थांबवला. पहिल्या चार झुरक्यांना ज्यानं पेटवलं त्याचीच चव लागते. गॅसचा लायटर, आणि ज्योत पानाला न टेकवता, दोन बोटं दूर धरून सिगार फिरवत राहायची. कडा काळी पडली, मग मधलं पेटलं. फुंकून पाहिलं, टोक सगळीकडून सारखं लाल.

ओढली आणि धूर आला. हे वाक्य कालच्या संध्याकाळनंतरच लिहिता येतं.

पहिला तुकडा तिखट. मिरी, थेट, जिभेच्या टोकावर आणि नाकाच्या मागं. धूर तोंडात फिरवून थोडा नाकातून सोडला की चवी उलगडतात, पण भारी सिगारचा सगळा धूर नाकातून सोडला तर डोळ्यांतून पाणी येतं. मित्रानं सोडला. पाणी आलं. दहा मिनिटांनी मिरी मागं सरली आणि पहिल्या पावसाचा नव्हे, तर विहिरीतल्या गाळाचा, जुना, काळा, थंड असा मातीचा वास आला. मधल्या तुकड्यात धूर दाट झाला, सायीसारखा. कोल्हापुरी चपलांच्या दुकानात शिरताना येतो तो कातड्याचा वास, मागं देवदार, आणि भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे खरंच होते की दुपारच्या चटणीचं हे काम, सांगता येत नाही. सिगारची चव तुम्ही आधी काय खाल्लं यावर फार अवलंबून असते, त्यामुळं दुसऱ्याच्या वहीतल्या चवी शोधत बसू नये. तज्ज्ञ मंडळी चॉकलेट, अंजीर, शिसपेन्सिल असं काय काय लिहितात. मित्राला सापडलं ते ‘आजोबांच्या ट्रंकेचं आतलं फडकं’. मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं, कारण ते बरोबर होतं.

वारा सुटला तशी ती एका अंगानं जळायला लागली. मागं पडलेल्या बाजूला लायटर दाखवला, सरळ झाली. राख करडी, घट्ट, इंचभर टिकली. आत अख्खी पानं आहेत याची ती खूण, चुऱ्याची राख इतका वेळ धरत नाही. राख झटकायची नाही, ती आपली आपण सोडते. माझ्या पँटवर सोडली.

शेवटचा तुकडा कॉफीचा. साखर न घातलेली, तळाशी बसलेली. मिरी परत आली आणि या वेळी एकटी नव्हती. ठसका चढत होता पण टाकी जागेवर होती. पट्टीच्या जरा खाली कडवट लागली तशी ठेवून दिली. तासाला दहा मिनिटं कमी. मार्क मी देत नाही. वहीत लिहिलं, ‘ओढ मोकळी, जळणं सरळ, मधला भाग सगळ्यात उत्तम, पोट भरलेलं असावं, कात्री अक्कांची.’

हवेबद्दल एक. सिगार 65 ते 70 टक्के ओलाव्यात खूश असते. सोलापूरच्या जानेवारीत माणसाचे ओठ फुटतात, तिथं तिचं पान तडकायला एक दिवस पुरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा राखणारी पुडी टाकून न्या आणि ओढायच्या वेळीच बाहेर काढा. फ्रीजमध्ये ठेवू नका, तो ओलावा शोषतो आणि वर कालच्या भाजीचा वास देतो.

परत येताना अक्कांना कुंभारीहून घेतलं. काही विचारलं नाही त्यांनी. मी आपणहून म्हटलं, “चांगली निघाली.” त्या म्हणाल्या, “माहीत हाय.”

सोमवार

सकाळची हुतात्मा साडेसहाच्या आसपास सुटते, म्हणजे पाचला उठणं आलं. चटणीची पुडी, कडक भाकऱ्यांची चळत आणि एक चादर एवढा ऐवज घेऊन जिना उतरलो. चटणी घेणार असाल तर आदल्या दिवशी घेऊन ठेवा, पहाटे दुकानं बंद.

अक्कांच्या दारात दिवा होता. सूप मांडीवर, पानं कापणं चालू. मला हाक मारली आणि कोनाड्यातून कागदाची पुडी काढून दिली. उघडली. आत शनिवारची अर्धी सिगार. गच्चीवरून आणून त्यांनी ती उभी चिरली होती, मधोमध, कात्रीनं. गुलाबी दोरा अजून जागेवर. आतली पानं पुस्तकासारखी उघडून ठेवली होती, आणि त्यांच्यामध्ये, बरोबर जिथं परवा त्यांचा अंगठा थांबला होता तिथं, पानाच्या मधल्या शिरेचा एक जाड तुकडा आडवा पिळून बसलेला. काडेपेटीच्या काडीएवढा. वळण्याआधी ही शीर ओढून काढायची असते, हवानात त्यासाठी वेगळी माणसं बसतात. कुणाच्या तरी हातून राहिली होती.

“ही बघ गाठ,” अक्का म्हणाल्या. “आमच्याकडं असती तर छाट.”

रिक्षावाला हॉर्न देत होता.